सुरूला सुया नसतात

गोराई, मढ किंवा आक्साच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेली मुले खडबडीत गोल बोंडे वेचतात आणि ‘पाइनचे कोन’ म्हणून घरी दाखवतात. ती असतात सुरूची. सुरू हे पाइनच्या नात्यातलेही नाही; ते आंबा-जांभळासारखे फुले येणारे झाड. त्याच्या सुया म्हणजे पेरापेरांवर निखळणाऱ्या बारीक हिरव्या फांद्या. खरी पाने त्या पेरांवर इवल्या खवल्यांएवढी उरलेली असतात, आणि बोंड म्हणजे चिमुकल्या फळांचा गुच्छ.

खऱ्या शंकूत फळ नसतेच. पाइनच्या मादी शंकूत खवल्यांवर बीजांडे उघडीच असतात. वाऱ्याबरोबर आलेले पराग थेट त्यांच्यापर्यंत पोचतात, पण फलन व्हायला पुढे जवळजवळ वर्ष जाते. सुक्या मेव्यात मिळणारा चिलगोजा ही किन्नौरकडच्या एका पाइनची बी. तो महाग का, याचे थोडे उत्तर या संथपणात आहे.

सुरूच्या उलट, अंधेरी-मुलुंडच्या सोसायट्यांत ‘सागो पाम’ म्हणून लावलेले सायकस पाम नसून पाइनसारखेच उघड्या बीजांडांचे, म्हणजे अनावृतबीजी आहे. नर झाड वेगळे, मादी वेगळी. त्याच्या पुंयुग्मकाला, म्हणजे नर जननपेशीला, हजारो सूक्ष्म शेपट्या असतात आणि तो बीजांडात चक्क पोहत जातो. 1896 मध्ये जपानच्या इकेनो यांनी हे दाखवले. उपासाच्या साबुदाण्याशी मात्र या झाडाचा संबंध नाही. तो टॅपिओकाच्या कंदाचा, बहुतेक तामिळनाडूतल्या सेलम भागातून येणारा. सायकसच्या शेंदरी बिया विषारी असतात. कुत्र्याने चघळल्या तर यकृतावर बेतते.

शंकूवाले झाड म्हणजे बर्फाळ प्रदेशातले, हाही असाच एक समज. ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत येणारे अरॉकेरिया पॅसिफिकमधल्या उबदार बेटांवरचे. त्यातली कुक पाइन ही जात तर विषुववृत्ताच्या दिशेने कलते, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

या अनावृतबीजी गटाचे उपयोग मात्र घरापर्यंत आलेले आहेत: पाइनवुडचे फर्निचर, रंगाऱ्याचे टर्पेन्टाइन, आणि पॅसिफिक यूच्या सालीत सापडलेले पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचे औषध.

आणि वहीत ठेवायची ‘विद्या’? तिने अभ्यास वाढतो की नाही, हे परीक्षेलाच ठाऊक. पण ती मोरपंखी अस्सल शंकूधारी आहे. तिला सुया नाहीत, चपटे खवले आहेत; आणि निळसर, शिंगे फुटल्यासारखे तिचे छोटे शंकू सहसा कुणी पाहत नाही.