प्रवरेवरील नौकाविहार

काशीयात्रा करून आलेलीं वडीलधारी मंडळी पहाटेच्या नावेंतून पाहिलेल्या घाटांचें वर्णन करूं लागलीं, म्हणजे ऐकणाऱ्यास वाटतें कीं, असें भाग्य आपल्या देशावरील नद्यांस कोठून असणार? हें वाटणें अगदींच निराधार नाहीं. आपल्या नद्या श्रावणांत दुथडी भरून धांवतात आणि वैशाखांत डोहांपुरत्या उरतात. त्यांवरून लांबचा नौकाप्रवास घडत नाहीं. तथापि अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरा नदीच्या दोन्ही टोकांस नावेंत बसून प्राचीन देवालयाकडे जाण्याचा योग आहे. तो योग निसर्गानें दिलेला नव्हे, मनुष्यानें घडविलेला आहे. आणि त्याची किंमतहि मनुष्यानेंच दिलेली आहे.

प्रवरा उगम पावते अकोलें तालुक्यांत, रतनगडाच्या परिसरांत. तेथून थोड्याच अंतरावर भंडारदऱ्याचें धरण आहे. त्याचें काम १९१० सालीं सुरू झालें आणि १९२६ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. सुमारें २७० फूट उंचीची ती दगडी भिंत उभी राहिली, आणि डोंगरांमधील अरुंद खोऱ्याचा विस्तीर्ण जलाशय बनला.

शेंडी गांवाजवळून रतनवाडीच्या दिशेनें नाव निघाली कीं, पाठीशीं १६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर राहतें व समोर रतनगड हळूहळू मोठा होत जातो. नावेंतून उतरून चालत गेलें म्हणजे अमृतेश्वराचें काळ्या पाषाणाचें मंदिर दिसतें. शिलाहार राजा झंझ यानें बारा नद्यांच्या उगमीं बारा शिवालयें उभारलीं, त्यांपैकीं हें एक, अशी परंपरा आहे. लोक त्यास हेमाडपंती म्हणतात खरे. परंतु हेमाद्रि पंडित तेराव्या शतकांतले, आणि हें मंदिर त्यांच्याहि पूर्वींचें. लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचून वर नेलेलें भूमिज पद्धतीचें शिखर, आंतील कोरीव खांब आणि जवळच कोनाड्यांतून मूर्ति बसविलेली चौकोनी पुष्करिणी, हें सर्व सावकाश पाहण्याजोगें आहे. घरांतील मुलांस त्या शिखरावरील ओळी मोजावयास सांगाव्या. दगडांतलें गणित त्यांस आपोआप कळेल.

परंतु परततांना क्षणभर पाण्याखालींहि दृष्टि टाकावी. आपली नाव ज्यावरून चालली आहे तेथें एके काळीं नदीकांठचीं भातखाचरें होतीं. डोंगरांतील महादेव कोळी व ठाकर लोकांच्या ह्या मुलखांत पाणी अडलें, आणि त्याचें सोनें झालें तें कोसच्या कोस खालीं. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनीं संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी ह्या भागांत ऊंस पिकविला. लोणीस १९५० सालीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पूर्वीं ह्या जलाशयास ‘आर्थर लेक’ म्हणत. आतां त्यास राघोजी भांगरे यांचें नांव दिलेलें आहे. इंग्रजांविरुद्ध उठाव करून १८४८ सालीं ठाण्यास फांशीं गेलेला हा वीर ह्याच डोंगरांतला. नांव देऊन ऋण फिटत नसलें, तरी त्याची आठवण राहते.

येथून पुढें नदीनें जातां येत नाहीं. वाट जमिनीची धरावी लागते. वाटेंत नेवासें लागतें. ज्या खांबास टेकून श्रीज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें गीतेवरील टीका सांगितली असें मानतात, तो ‘पैस’ खांब तेथें आहे. त्यापुढें प्रवरासंगमीं प्रवरा गोदावरीस मिळते. काठावर टोकें येथें पेशवाईंतील सिद्धेश्वराचें देऊळ असून त्याच्या भिंतींवर पौराणिक प्रसंग कोरले आहेत. येथेंहि पाणी पसरलें आहे तें धरणाचेंच. पैठणजवळील जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें, आणि त्याचा फुगवटा संगमापर्यंत आला. नाथसागराखालींहि कित्येक गांवांच्या जमिनी गेल्या. नावेंतून घाट व शिखर फार रम्य दिसतें. मात्र तें रम्य दृश्य आणि तें विस्थापन एकाच पाण्याचीं दोन रूपें आहेत.

दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने ह्या सहलीस उत्तम. उन्हाळ्यांत पाणी उतरतें व नाव देवळापासून दूर थांबते. पावसाळ्यांत तर नावेचें नांवच काढूं नये. लहान मुलें व वृद्ध बरोबर असतां तरंगतें जाकीट प्रत्येकाच्या अंगांत असल्याखेरीज नावेंत पाय ठेवूं नये. देवास नारळ अवश्य वाहावा. पण स्थानिक नावाड्याशीं दरासाठीं घासाघीस करण्यापूर्वीं, आपण कोणाच्या शेतावरून विहार करीत आहों, एवढें मनांत आणावें. चहांत साखर ढवळतांनाहि ही आठवण घरांतल्या मुलांस दिली, तर प्रवरेचें अमृतवाहिनी हें नांव त्यांस खऱ्या अर्थानें कळेल.