नवे प्लग, नव्या वायरी, तरी गाडी मिसिंग का मारते?

गाडीचे प्लग, वायरी, डिस्ट्रिब्युटरचे झाकण असे सगळे नवे बसवावे आणि गाडी आधी चालत होती तितकीही धड चालू नये, हा अनुभव पुष्कळांच्या वाट्याला येतो. मग कोणी कार्बुरेटरला दोष देतो, कोणी पेट्रोलमध्ये भेसळ आहे म्हणतो. आमच्या मते पहिला संशय, जिथे नुकताच हात लागला त्याच जागेचा घ्यावा. सकाळपर्यंत ठीक असलेला कार्बुरेटर नेमका त्याच तासात बिघडेल, याचा संभव फार कमी.

जुनी ॲम्बॅसॅडर घेऊ. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. पण ठिणगीची सारी यंत्रणा तिच्यात डोळ्यांना दिसते. १२ व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह कॉइलमधील जाड तारेच्या वेटोळ्यातून वाहतो. पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो, चुंबकीय क्षेत्र नाहीसे होते आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत कित्येक हजार व्होल्टचा दाब प्रवर्तित होतो. फॅरडेचा नियम तो हाच. हा दाब कोणत्या प्लगला द्यायचा हे डिस्ट्रिब्युटरमधला फिरता रोटर ठरवतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरांना मिळून सेकंदाला १०० ठिणग्या लागतात.

ठिणग्यांचा क्रम १-३-४-२ असा आहे. चार वायरी झाकणावर २४ प्रकारे लावता येतात आणि त्यांतला बरोबर प्रकार एकच. १-२-३-४ अशा सरळ क्रमाने लावल्या, तर फक्त पहिल्या सिलिंडरला वेळेवर ठिणगी मिळते व गाडी सुरूच होत नाही. क्रम बरोबर पण रोटर फिरतो त्याच्या उलट दिशेने लावल्या, तर १ आणि ४ ठीक राहतात, २ आणि ३ यांची अदलाबदल होते. गाडी दोन सिलिंडरांवर थरथरत चालू राहते, कधी कार्बुरेटरमधून फटाके वाजतात. विद्यार्थ्यांना वर्तुळ काढून हे पडताळायला सांगावे. दहा मिनिटांत उमगते. म्हणूनच जुनी वायर काढली की तिच्या जागी नवी लावावी, मगच दुसरीला हात घालावा.

दुसरा प्रकार अधिक फसवा. गाडी गॅरेजमध्ये सुरळीत चालते, धुळे शहरातही कुरकुरत नाही, पण मालेगावच्या दिशेने लळिंगचा घाट चढू लागली की मिसिंग सुरू. कारण असे, की प्लगच्या फटीतून ठिणगी उडण्यासाठी लागणारा दाब फटीच्या रुंदीबरोबर आणि वायूच्या दाबाबरोबर वाढतो. उभ्या गाडीत सिलिंडरमध्ये मिश्रण थोडे असते. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ते भरभरून येते, दाबलेही अधिक जाते. फट मोजून न बसवलेला प्लग किंवा सूक्ष्म तडा गेलेले झाकण तिथे उघडे पडते; वीज सोपी वाट शोधून बाहेरच निसटते. अंधारात बॉनेट उघडून पाहिल्यास ही गळती निळसर दिसते. मात्र वायरीला हात लावू नये, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग करूच नये.

त्यात खानदेशातला मे महिना. तांब्याचा विद्युत्रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्का वाढतो. जळगावला पारा ४५ च्या आसपास गेला असता बॉनेटखाली कॉइल आणखी ५० अंशांनी तापली, तर रोध साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो आणि ठिणगी तितकी दुबळी होते. सकाळी चालणारी गाडी दुपारी मिसिंग मारते, त्याचे हे एक कारण.

आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नाही. पुष्कळांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. बिघाडही वेगळा: कॉइलचा कनेक्टर ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसलेला नसतो. स्कॅनरवर पी०३०१ हा संकेत आला, तर पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे. पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावून पाहावी. संकेत पी०३०२ झाला तर कॉइल दोषी. पी०३०१ च राहिला तर प्लग, वायरिंग किंवा इंजेक्टर तपासावा. मात्र कॉइल आणि प्लग एकदम हलवले, तर दोघांपैकी दोषी कोण हे या चाचणीतून कळत नाही.

इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर धुळ्याहून जळगावचे सुमारे ९० किलोमीटर तसेच रेटू नयेत. न जळलेले पेट्रोल उत्प्रेरक परिवर्तकात जाऊन तिथे जळते, आणि त्या उष्णतेने त्याची आतली जाळी वितळू शकते. हा भाग कॉइलच्या कितीतरी पट महाग पडतो.