कोहमारा: मॅपवर रस्ता मोठा, बाहेर जंगल

मॅप उघडा आणि कोहमारा टाका. गोंदिया जिल्हा, सडक अर्जुनी तालुका. नागपूर-रायपूर महामार्ग (आधी 6, आता 53) इथून जातो आणि गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता त्याला इथेच मिळतो. स्क्रीनवर काय दिसतं? एक ठळक चौक, आजूबाजूला फिकट हिरवं. या रस्त्यांनी गाडी चालवताना मला मात्र उलटं दिसतं: सगळीकडे जंगल नि धानाचे बांध, मधून एक रस्ता.

असं का होतं, ते साध्या हिशोबात आहे. मॅप 256 पिक्सेलच्या चौकोनी तुकड्यांत मोजला जातो, त्यांना टाइल म्हणतात. झूम 0 ला अख्खं जग एका टाइलमध्ये. पुढच्या प्रत्येक झूमला एका टाइलच्या चार होतात. झूम 10 ला आपल्या अक्षांशावर एक पिक्सेल म्हणजे साधारण 140 मीटर. आता महामार्गाची रेघ 4 पिक्सेल जाड काढली, तर रस्ता साडेपाचशे मीटर रुंद झाला की! खऱ्या मापानं काढला तर तो दिसणारच नाही, म्हणून फुगवावा लागतो. पण शंभर मीटरच्या बोडीला कोण फुगवणार? ती एक पिक्सेलही भरत नाही. गायब.

आणि या भागाची ओळखच तलाव-बोड्यांची. कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले हे तलाव. सरकारी कागदावर ‘माजी मालगुजारी’, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. नवेगावबांधचा तलाव मोठा, म्हणून तो मॅपवर दिसतो. पण त्याची निळी कड बाराही महिने तीच. पावसाळ्यानंतर पाणी कुठवर येतं आणि मे महिन्यात किती मागं सरतं, हे काठावर उभं राहूनच कळतं.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. महामार्गाच्या उत्तरेला नागझिरा, दक्षिणेला नवेगाव. 2013 मध्ये दोन्ही मिळून एकच व्याघ्र प्रकल्प झाला. मॅप तुम्हाला रस्ता, वेळ, ट्रॅफिक सांगतो. वाघ कुठून रस्ता ओलांडतात, त्याची रेघ त्यात नसते. ऑगस्ट 2023 मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, मुरदोलीच्या जंगलात, कारच्या धडकेनं वाघ मेला. जखमी वाघाचा व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला असेल. मॅपवर तो रस्ता इतर रस्त्यांसारखाच दिसतो. माझ्या मते अशा पट्ट्यात रेघेचा रंग तरी बदलायला हवा.

तोवर एवढं करता येईल. निघण्याआधी सॅटेलाइट लेयर लावा आणि रस्ता कुठे जंगलात शिरतो ते पाहून ठेवा. तिथे वेग कमी, रात्री तर नक्कीच. संगणकावर गूगल अर्थमध्ये जुन्या तारखांची छायाचित्रं मिळतात, एखादा तलाव वेगवेगळ्या महिन्यांत पाहा. आणि तुमच्या गावची बोडी मॅपवर नसेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडून स्वतः काढा. पाणी उन्हाळ्यात आटत असेल तर तशी नोंद करायची सोयही तिथे आहे. नाव मात्र गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून टाका.