निजामाची शाळा आणि परभणीची पाटी

परभणी शिक्षणात मागे का, असं विचारलं की पारावर एकच उत्तर मिळतं: निजाम. उत्तर खोटं नाही, अर्धं आहे.

‘निजामानं शाळाच काढल्या नाहीत.’

काढल्या की! 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, हे मोकळ्या मनानं मानायला हरकत नाही. पण ती भाषा उर्दू होती आणि बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी. प्राथमिक वर्गात मराठी चालायची. पुढं माध्यमिकला उर्दू. खेड्यातलं पोर चौथीपर्यंत पोचलंच, तरी तिथं अडायचं. पोरं तिथंच गळाली, मग मराठीत शिकवणारे मास्तर यायचे कुठून? 1948 च्या सप्टेंबरात राज्य गेलं, मास्तरांची वानवा राहिली.

एखाद्या जुन्या शाळेतली त्या काळची प्रवेश-निर्गम नोंदवही बघा. पोराचं नाव मराठी, लिपी उर्दू, सन फसली. 1350 फसली म्हणजे आपलं 1940-41. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकाळातले असे कागद वाचायला उर्दूचे जाणकार गाठावे लागले. आजोबांचं नाव कागदावर आहे आणि नातवाला ते वाचता येत नाही!

‘संस्थानी मुलूख म्हणजे मागासच.’

बडोद्यात सयाजीरावांनी 1906 मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात सक्तीचा कायदा 1918 ला आला, तोही नगरपालिकांच्या मर्जीवर सोडलेला. प्रश्न संस्थानाचा नव्हता, संस्थानिकाला काय हवं होतं याचा होता.

‘साक्षरता कमी, म्हणजे आजची पोरं कच्ची.’

2011 च्या जनगणनेत राज्याची साक्षरता 82 टक्के, परभणीची 73. पण या आकड्यात सात वर्षांवरचे सगळे येतात. 1948 ला सात वर्षांची असलेली आजी 2011 ला सत्तरीची होती. तिची कोरी पाटीही त्यात मोजलेली आहे. आजच्या चौथीतल्या पोराला धडा वाचता येतो का, हे त्यावरून कळत नाही. घरी अभ्यास घेणारं कुणी नसणं हा वारसा जुनाच, कबूल. पण दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळीबरोबर पोर कारखान्याकडे जातं आणि वर्गातली जागा रिकामी पडते, त्याला निजाम काय करणार?

आणि शेजारचं हिंगोली? 1 मे 1999 पर्यंत तो परभणीचाच भाग होता. निजाम तोच, उर्दूही तीच. 2011 ला हिंगोलीची साक्षरता 78 टक्के भरली.