पाव फेरीची मुभा

डिसेंबर १८०७. ग्रेनोबलचा कारभार पाहणाऱ्या जोसेफ फूरियेने पॅरिसच्या विद्वत्संस्थेपुढे उष्णतेवरचा प्रबंध ठेवला. शिंप्याचा मुलगा, लहानपणीच पोरका झालेला, नेपोलियनबरोबर इजिप्त पाहून आलेला. परीक्षकांत लाप्लास होता, लाग्रांज होता, आणि लाग्रांजला त्यातली मांडणी काही केल्या पटेना.

प्रश्न साधा होता. पातळ पत्र्याची एक कड सगळीकडे सारखी तापलेली, तापमान १. दोन्ही बाजू गार, तापमान ०. आत उष्णता कशी पसरेल? फूरियेने ती सपाट कड चक्क वळणदार कोसाइन तरंगांतून उभी केली. पहिला तरंग पूर्ण, तिप्पट कंपनांचा एक तृतीयांश उणे, पाचपट कंपनांचा एक पंचमांश अधिक, असे करत जायचे आणि बेरजेला ४ भागिले पायने गुणायचे. कडेच्या मध्यावर हिशेब करून पाहा: १.२७, मग ०.८५, १.१०, ०.९२... आकडे १च्या भोवती हिंदकळत हळूहळू त्याच्याकडे सरकतात. ही १ उणे १/३ अधिक १/५ ची श्रेणी केरळात गणिती माधवाच्या परंपरेला कित्येक पिढ्या आधीच माहीत होती. एवढा मोठा योग असा अवचित समोर येतो, तेव्हा मला आजही हरखून जायला होते.

आता यातला तिप्पट कंपनांचा तरंग गाळला तर? उरलेले अनंत तरंग मिळूनही ती जागा भरून काढू शकत नाहीत, कारण तो त्या सगळ्यांना लंब आहे. एकाची सावलीसुद्धा दुसऱ्यावर पडत नाही. गणितात याच विचाराला पूर्णता म्हणतात: कुटुंबात कोणी कमी नको.

साइन-कोसाइन तरंगांना एकत्र बांधणारी घातांकी फलने म्हणजे गोल फिरणारे काटे समजा. दिलेल्या अंतरालात कोणी एक पूर्ण फेरी मारतो, कोणी दोन, कोणी तीन, तर कोणी तितक्याच उलट्या. एक जागेवरच उभा. हे कुटुंब पूर्ण आहे. पण तीनऐवजी कोणी ३.१ फेऱ्या मारल्या, दुसऱ्याने सातऐवजी ६.९, असा प्रत्येकजण थोडा चुकला तर?

हा प्रश्न इंग्लंडचा रेमंड पेली आणि अमेरिकेचा नॉर्बर्ट वीनर यांनी हाती घेतला. एप्रिल १९३३मध्ये कॅनडात बॅन्फजवळ स्कीइंग करताना हिमकडा कोसळून पेली गेला, अवघ्या सव्विसाव्या वर्षी. या कामाचे पुस्तक १९३४मध्ये दोघांच्या नावाने आले. त्यांच्या सिद्धतेत चूक सुमारे ०.१० फेरीपर्यंत चालत होती. १९४२मध्ये डफिन आणि ईचस यांनी ती ०.२२पर्यंत नेली. १९६४मध्ये खारकीवच्या मिखाईल कादेत्सने शेवटचा टप्पा गाठला: प्रत्येकाची चूक पाव फेरीपेक्षा कमी असलेल्या एकाच मर्यादेत राहिली, तर कोणतेही फलन त्या काट्यांतून एकाच रीतीने आणि भरवशाने उभे करता येते. नेमकी पाव झाली की ही हमी सुटते. तसे उदाहरण आधीच हाताशी होते. कादेत्सची युक्ती इवलीशी. चुकीमुळे पडणारा फरक दाखवणारे फलन उलगडताना त्याने कोसाइन पूर्ण फेऱ्यांचेच ठेवले, साइन मात्र अर्धी, दीड, अडीच फेऱ्यांचे घेतले. तेवढ्यावर काम फत्ते!

हीच पाव फेरीची मुभा आवाजाच्या नोंदींनाही लागू पडते. ध्वनिमुद्रणाच्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात. दोन नोंदींत २२.७ मायक्रोसेकंदांचे अंतर. नोंदी ठरल्या क्षणी न घेता थोड्या मागेपुढे घेतल्या, पण त्यांच्या खऱ्या वेळा आपल्याला ठाऊक आहेत, असे समजा. प्रत्येक नोंद ५.६ मायक्रोसेकंदांच्या आत, म्हणजे त्या अंतराच्या पाव भागापेक्षा कमी, हललेली असेल आणि मूळ आवाजात २२,०५० हर्ट्‌झच्या वरचे काही नसेल, तर त्या वाकड्यातिकड्या नोंदींतूनही तो आवाज जसाच्या तसा परत मिळतो.