रियाधमध्ये एकटीनं फिरणं किती सोपं? काय बदललं आणि काय अजूनही तसंच आहे?

रियाधच्या मेट्रोत बसण्याचे तीन भाग आहेत. फर्स्ट क्लास, फॅमिली आणि सिंगल्स. आता एकटी फिरणारी मुलगी कुठे बसणार? नाव वाचून 'सिंगल्स'कडे वळलात, तर चुकलात. तो भाग एकट्या पुरुषांसाठी आहे. बाई एकटी असली तरी तिची जागा 'फॅमिली'त.

ही मेट्रो डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. म्हणजे सगळं नवं कोरं, गाडी ड्रायव्हरविना धावणारी, पण जागेची वाटणी जुन्या पद्धतीची. सौदी अरेबियाची राजधानी आज साधारण अशीच आहे.

आधी काय होतं?

२०१८ पर्यंत इथे बाईला गाडी चालवायला परवानगी नव्हती. हॉटेलात पुरुषांचं दार वेगळं, कुटुंबांचं वेगळं. पासपोर्ट काढायचा तर वडील, नवरा किंवा भावाची संमती लागायची. कपड्यांवरून हटकायला धार्मिक पोलीस रस्त्यावर असायचे.

मग बदललं काय?

- एप्रिल २०१६ : धार्मिक पोलिसांचा अटक करण्याचा अधिकार काढून घेतला.
- जून २०१८ : महिलांवरची ड्रायव्हिंगबंदी उठली. त्याच सुमारास छेडछाडविरोधी कायदा आला.
- ऑगस्ट २०१९ : २१ वर्षांवरच्या महिलांना स्वतःहून पासपोर्ट काढायची मुभा मिळाली.
- सप्टेंबर २०१९ : पर्यटकांसाठी ई-व्हिसा सुरू झाला.
- ऑक्टोबर २०१९ : एकट्या बाईला हॉटेलमध्ये खोली घेता येऊ लागली.
- डिसेंबर २०१९ : रेस्टॉरंटमध्ये दोन वेगळ्या दारांची सक्ती संपली.

यामागे पैशाचं गणितही आहे. फक्त तेलावर देश चालणार नाही, हे सरकारला कळलं होतं. 'व्हिजन २०३०' योजनेत कामगारवर्गातलं महिलांचं प्रमाण २२ वरून ३० टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. ते मुदतीच्या बऱ्याच आधी गाठलं गेलं.

अबाया घालावाच लागतो का?

परदेशी पर्यटक महिलेला अबाया किंवा हिजाबची सक्ती नाही. पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत आणि कपडे अंगाला घट्ट नकोत. मॉलमध्ये सैल कुर्ता-सलवार सहज चालून जाते. मशिदीत जाताना मात्र डोकं झाकावं लागतं.

आणखी एक नियम रील बनवणाऱ्यांसाठी महत्त्वाचा. परवानगीशिवाय अनोळखी माणसाचा फोटो किंवा व्हिडिओ काढला, तर दंड होऊ शकतो.

कुणी त्रास दिला तर?

२०१८ च्या कायद्यानुसार छेडछाडीला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक लाख रियालपर्यंत दंड आहे. गंभीर प्रकरणात हीच शिक्षा पाच वर्षं आणि तीन लाख रियालपर्यंत जाते. रियाधमध्ये मदतीसाठी ९११ हा नंबर आहे. भारतीय दूतावासही याच शहरात, डिप्लोमॅटिक क्वार्टर भागात आहे.

पण इथे एक मेख आहे. लग्नाबाहेरचे शारीरिक संबंध आणि दारू, दोन्ही सौदीत गुन्हा आहेत. त्यामुळे लैंगिक अत्याचाराची तक्रार करायला गेलेल्या बाईवरच उलट प्रश्नांची सरबत्ती होण्याची भीती असते. अशा वेळी पोलिसांकडे एकटीनं जाण्याआधी दूतावासाशी बोललेलं बरं.

ही मोकळीक सगळ्यांना सारखीच मिळते का?

नाही. आणि पर्यटकाच्या व्हिडिओत नेमकं हेच दिसत नाही.

बाईनं गाडी चालवावी म्हणून वर्षानुवर्षं झगडलेल्या लुजैन अल-हथलूल यांना मे २०१८ मध्ये, म्हणजे बंदी उठायच्या काही आठवडे आधी अटक झाली. त्या फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटल्या, तेही प्रवासबंदी घेऊन. ब्रिटनमध्ये पीएचडी करणाऱ्या सलमा अल-शहाब यांना ट्वीट आणि रिट्वीटवरून २०२२ मध्ये ३४ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी झाली आणि २०२५ मध्ये त्यांची सुटका झाली. सौदी बाईला आजही लग्नासाठी पुरुष पालक लागतो.

आणि भारतातून घरकामाला जाणाऱ्या बायका? त्या सौदीच्या मुख्य कामगार कायद्यात येतच नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी नियमावली आहे. त्यांना शहर कितपत फिरता येईल, हे बरंचसं मालकाच्या मर्जीवर असतं.

म्हणून 'रियाध बायकांसाठी सेफ आहे का' या प्रश्नाचं एकच एक उत्तर नाही. चार दिवसांच्या पाहुणीला शहर सुरक्षित वाटू शकतं आणि तिचा अनुभव खोटा नसतो. पण त्याच मेट्रोत शेजारी बसलेल्या बाईचा अनुभव तिच्या पासपोर्टवर, नोकरीवर आणि ती काय बोलते यावर ठरतो.