वाफेचा पाया : पातळ किती, दाट किती?

लेखमाला : रोजच्या वापरातली रसायने

ई-सिगारेटची कॉइल कशी तापते ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज तिच्यावर तापणाऱ्या द्रवाकडे वळू. ब्रिटनमधल्या व्हेपच्या दुकानात बाटलीवर निकोटीनच्या प्रमाणाशेजारी ५०/५० किंवा ७०/३० असा एक जोडआकडा असतो. शिक्षणासाठी, नोकरीसाठी तिकडे गेलेल्या आणि सिगारेट सोडू पाहणाऱ्या मराठी मुलांनी स्वादाच्या नावाआधी हा आकडा वाचावा.

द्रवाचा बहुतेक भाग दोनच पदार्थांचा असतो. पहिला प्रॉपिलीन ग्लायकॉल. तो सहज वाहतो, स्वादाचे अर्क त्यात चांगले विरघळतात आणि घशाला बसणाऱ्या ठसक्यात त्याचा वाटा असतो. दुसरा वनस्पती तेलांपासून मिळणारं ग्लिसरीन. ते गोडसर आणि पाकासारखं दाट असतं. त्याची वाफ भरघोस, पांढरी आणि घशाला सौम्य असते. पहिला १८८ अंश सेल्सिअसला उकळतो, दुसरा २९० अंशांना. बाटलीवरचा जोडआकडा म्हणजे या दोघांचं प्रमाण; ७०/३० मध्ये ७० भाग ग्लिसरीनचे.

यातला चांगला कोणता, हे हातातल्या उपकरणावर ठरतं. पॉड म्हणतात त्या छोट्या उपकरणात कॉइलचा रोध साधारण एक ओमच्या वर असतो आणि कॉइलमधल्या कापसापर्यंत द्रव नेणारी छिद्रं बारीक असतात. त्यात ७० टक्के ग्लिसरीनचा द्रव भरला तर तो कापसापर्यंत वेळेत पोहोचत नाही. कापूस कोरडा पडतो, जळका ठसका लागतो आणि अति तापलेल्या ग्लिसरीनपासून अ‍ॅक्रोलीन तयार होतं. कढईत तेल करपल्यावर डोळे चुरचुरतात, त्या धुरात हेच रसायन असतं. म्हणून पॉडसाठी ५०/५० बरं. एक ओमच्या खालच्या, जास्त वॅटच्या टाकीत मात्र पातळ द्रव गळतो, थेंब तोंडात उडतात; तिथे ७० भाग ग्लिसरीनच योग्य. अशा टाकीतून एका झुरक्यात वाफ पुष्कळ येते, त्यामुळे निकोटीन कमी, मिलीलिटरला ३ मिलिग्रॅमच्या आसपास, ठेवतात.

ब्रिटनमध्ये निकोटीनच्या द्रवाची बाटली १० मिलीलिटरपेक्षा मोठी आणि मिलीलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा कडक असू शकत नाही. त्यामुळे ५० मिलीलिटरच्या बिननिकोटीन द्रवात १० मिलीलिटरची १८ मिलिग्रॅमची कुपी ओतायची पद्धत पडली. मिश्रण बरोबर ३ मिलिग्रॅमचं होतं. पण कुपीतला द्रव ५०/५० असेल तर मूळचं ७०/३० हे प्रमाण ६७/३३ वर येतं. एवढ्या फरकाने टाकीचं काही बिघडत नाही.

प्रमाणापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती शुद्धतेची. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं आणि चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या पुरवठ्याची लक्तरं वेशीवर टांगली. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ई-सिगारेटची काडतुसं तपासली, तेव्हा एकात हेच विष सुमारे एक टक्का सापडलं. म्हणून हे दोन्ही पदार्थ औषधी दर्जाचेच हवेत. रसायनांच्या दुकानातलं औद्योगिक ग्लिसरीन आणून घरी मिश्रण करणं हा जिवाशी खेळ आहे.

आणि तेल तर थेंबभरही नको, मग ते खोबऱ्याचं असो की जीवनसत्त्वाच्या गोळीतलं. २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसं निकामी होण्याची जी साथ आली, तिच्या मुळाशी मुख्यतः गांजाच्या अर्कात भेसळलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट होतं. दोन हजार आठशेहून अधिक लोक आजारी पडले, ६८ जणांचा मृत्यू झाला. पोटाला चालतं ते फुप्फुसाला चालेलच असं नाही. अगदी शुद्ध ग्लिसरीन आणि ग्लायकॉलही वर्षानुवर्षं श्वासावाटे घेतल्यावर काय करतात, हे अजून पूर्ण उलगडलेलं नाही. ब्रिटनची आरोग्यसेवा व्हेपिंगला सिगारेटपेक्षा कमी घातक मानते, निरुपद्रवी मानत नाही, आणि सिगारेट न ओढणाऱ्यांनी ते सुरूच करू नये असं सांगते. मलाही तेच पटतं.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळंच बंद आहे. साठवण सोडून बाकीच्यांत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा सुट्टीला घरी येताना हे उपकरण आणि बाटल्या तिकडेच ठेवून या.